ड्राफ्टमध्ये अडकलेला एक स्टार

पत्र थोडक्यात असं आहे. एक वाचक मैत्रीण 11 वर्षं घराजवळच्या एकाच किराणा दुकानात जातायत. दुकान आधी छोटं होतं, मालक काका स्वतः सामान काढून द्यायचे. आता ते मोठं झालंय, रॅकवरून आपलं आपण घ्यायचं, बिल कॉम्प्युटरवर, आणि कारभार काकांचा मुलगा बघतो. गेल्या तीन महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. पहिल्यांदा रॅकवर ऑफरचं लेबल होतं पण बिलात पूर्ण किंमत लागली, ते घरी गेल्यावर दिसलं. दुसऱ्यांदा बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख 8 दिवसांपूर्वीच उलटून गेलेली निघाली. तिसऱ्यांदा साबण पावडरचा एकच पुडा बिलात दोनदा लागला, हे त्यांनी काउंटरवरच सांगितलं तर तिथला नवीन मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "एवढ्याशा पैशासाठी लाइन थांबवताय मॅडम?" मागे कोणीतरी हसलं. या काही न बोलता पैसे देऊन निघून आल्या. त्या रात्री त्यांनी मोबाइलवर एक स्टारचा रिव्ह्यू लिहिला, हे लोक चोर आहेत, जुन्या गिऱ्हाइकांनाच लुटतात, आणि काउंटरवरच्या मुलाचं नावसुद्धा टाकलं. पण पोस्ट केला नाही. नवरा म्हणतो सोड, दुकान बदल. बहीण म्हणते टाकच, बाकीच्यांना तरी कळेल. काकांची आठवण आली की यांचं बोट थांबतं. दोन आठवडे झाले, त्या दुकानासमोरून जायला नको म्हणून लांबच्या रस्त्याने जातायत. प्रश्न एवढाच आहे की ताई, टाकू का नको?

*

मैत्रिणी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेऊन बसले, की यातलं दुकानवाल्यांना नेमकं काय काय माहितीये ते बघू. ऑफरचं तुम्ही कोणाला बोलला नाहीत. बिस्किटाचा पुडा तुम्ही कचऱ्यात टाकला. आणि साबण पावडरचं फक्त त्या काउंटरवरच्या पोराला सांगितलं, ज्याने ते पुढे मालकाला सांगितलं असण्याची शक्यता तुम्हीच ठरवा. म्हणजे काका आणि त्यांचा मुलगा यांच्या दृष्टीने तुम्ही दोन आठवड्यांपूर्वी नेहमीसारख्या येऊन गेलात आणि बहुतेक गावाला वगैरे गेल्या असाल.

तुम्ही तीन महिने मनातल्या मनात त्यांच्याशी भांडताय आणि समोरच्याला भांडण सुरू झाल्याचा पत्ताच नाही. हसू नका, आपण सगळे हेच करतो, मी तर यातली एक्सपर्ट आहे.

आता तुम्ही त्या तीन गोष्टी एकाच माळेत ओवल्यात, आणि माळ म्हणजे "हे लोक चोर आहेत". माळ जरा तोडून एकेक मणी बघूया, कारण मला वाटतं तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत.

ऑफरचं घ्या. आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की पाकिटावरच्या त्या काळ्या पट्ट्यांमध्येच, म्हणजे बारकोडमध्येच किंमत लिहिलेली असते. नसते. पाकिटावरच्या नेहमीच्या बारकोडमध्ये फक्त एक नंबर असतो, बहुतेक वेळा 13 आकडी, आणि त्यातला शेवटचा आकडा आधीचे आकडे बरोबर वाचले गेले की नाही ते तपासायला असतो. किंमत असते दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये, त्या नंबरासमोर कोणीतरी टाइप केलेली. आणि रॅकवरचं लेबल हा तिसराच कागद, जो कोणीतरी चालत जाऊन चिकटवतो आणि चालत जाऊनच काढतो. म्हणजे ऑफर कॉम्प्युटरमधून काढली आणि लेबल काढायचं राहिलं, किंवा लेबल लावलं आणि कॉम्प्युटरमध्ये टाकायचं राहिलं, की झालीच तुमची केस. मशीन नंबर चुकीचा वाचत नाही सहसा, पण त्या नंबरासमोर जे लिहून ठेवलंय तेच चुकलेलं असेल तर ते बिचारं इमानेइतबारे चूकच छापणार.

यातली खरी गंमत, किंवा गंमत नाही म्हणता येणार, ही आहे की अशी चूक तुमच्या एकटीची नसते. जोपर्यंत कोणी सांगत नाही तोपर्यंत तो पुडा घेणाऱ्या प्रत्येकाला तीच जास्तीची रक्कम लागत राहते. त्यामुळे "एवढ्याशा पैशासाठी कशाला बोलायचं" हा जो तुमचा, आणि त्या पोराचाही, हिशोब आहे तो मला पटत नाही. तुमच्यासाठी किरकोळ असलेली रक्कम दिवसाला किती जणांकडून जातेय हे तुम्हाला माहीत नाही, आणि दुकानदारालाही नाही.

बिस्किटाचं प्रकरण त्याहून साधं आहे. पाकिटांवर दोन प्रकारच्या तारखा असतात आणि आपण त्या एकच समजतो. एक म्हणजे "या तारखेपर्यंत उत्तम", तिचा संबंध चव, कुरकुरीतपणा, वास यांच्याशी. दुसरी म्हणजे "या तारखेनंतर वापरू नका", तिचा संबंध तब्येतीशी. बिस्किटांसारखे कोरडे पदार्थ लवकर नासत नाहीत, त्यामुळे 8 दिवस उलटलेल्या पुड्याने तुमच्या घरी कोणाला विषबाधा झाली असती असं नाही. पण म्हणून तो रॅकवर चालतो असं मी म्हणत नाहीये, गिऱ्हाइकाने तारीख बघायची हे खरं असलं तरी रॅकवर बघायची पहिली जबाबदारी दुकानाची. तो पुडा तुम्ही टाकायला नको होता, परत न्यायला हवा होता. कारण एक जुना पुडा सापडला म्हणजे मागे अजून असणार.

दुकानात नियम असतो की आधी आलेला माल पुढे, नवीन माल मागे, म्हणजे जुना आधी संपेल. आणि आपण काय करतो, हात लांब करून मागचा पुडा काढतो कारण तो ताजा. मीही काढते. मग पुढचा जुना पुडा तिथेच बसून राहतो, नवीन माल भरणारा घाईत पुढेच भरतो, आणि एक दिवस तो पुडा तुमच्यासारख्या न बघता उचलणाऱ्या भल्या बाईच्या नशिबी येतो. हे मी दुकानवाल्यांची बाजू घ्यायला सांगत नाहीये, एवढंच की यात कोणी तुम्हाला टार्गेट केलेलं नाही. मात्र दूध, मांस, लहान मुलांचं खाणं असल्या वस्तूंची वापरायची तारीख उलटलेली असेल, किंवा डबा फुगलेला, सील तुटलेलं असेल, तर माझं उत्तर वेगळं आहे, तिथे मन मोडेल का वगैरे विचार करायचाच नाही. वस्तू खायची नाही, टाकायचीही नाही, बॅच नंबर आणि तारखेचा फोटो काढायचा, त्याच दिवशी दुकानाला सांगायचं, आणि त्यांनी उडवून लावलं तर आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या ऑफिसात तक्रार करायची.

आता "चोर". हा शब्द तुम्ही रात्री लिहिलाय आणि मला तो तिथेच खटकला. चूक आणि लबाडी यातला फरक बाहेरून ओळखायची एक साधी कसोटी आहे, चुका कुठल्या बाजूला जातात ते बघायचं. माणसाच्या हातून होणारी चूक आंधळी असते, ती कधी तुमच्या खिशातून काढते कधी दुकानाच्या. सगळ्या चुका जर दुकानाच्याच फायद्याच्या असतील तर संशयाला जागा आहे. पण इथे एक मेख आहे, आपल्या फायद्याची चूक आपण शोधतच नाही! एखादी वस्तू स्कॅन व्हायची राहिली आणि पिशवीत आली तर घरी जाऊन बिल कोण ताडून बघतं? तुमच्या 11 वर्षांत असं किती वेळा झालं असेल ते तुम्हालाही सांगता येणार नाही. त्यामुळे तीन घटनांवरून तुम्ही "चोर" इथपर्यंत जाऊ शकत नाही, फार तर "दुकान वाढलं आणि लक्ष कमी पडतंय" इथपर्यंत जाऊ शकता. आणि हे दुसरं वाक्य दुकानदाराला ऐकायला जास्त झोंबेल, बघा.

माझीच एक फजिती सांगते. मी एकदा बिल हातात घेऊन तावातावाने परत गेले होते की हे दोनदा लावलंय. काउंटरवरच्या बाईने माझीच पिशवी उघडून त्यातून दोन पुडे काढून शेजारी शेजारी ठेवले. दोन होते. मी एक उचलला होता आणि घरच्यांनी गपचूप दुसरा टाकला होता. ती बाई काही बोलली नाही, फक्त पिशवी परत भरून दिली. तेव्हापासून मी आधी पिशवी मोजते मग राग.

तर राहिला तिसरा मणी, आणि खरं दुखणं तेच आहे. तुमच्या पत्रात पैशाबद्दल चार ओळी आहेत आणि त्या हसण्याबद्दल अर्धं पान. तो पोरगा जे बोलला ते चुकलंच, त्यात दुसरी बाजू वगैरे काही नाही. गिऱ्हाईक बरोबर बिल मागत असेल तर रक्कम केवढी याचा काही संबंध येत नाही. फक्त एक गोष्ट माहीत असू दे, बऱ्याच ठिकाणी काउंटरवरच्या माणसाला एकदा लागलेली वस्तू बिलातून काढता येत नाही, त्याला वरच्याला बोलवावं लागतं, त्याचा पासवर्ड किंवा किल्ली लागते. समोर लाइन, मालकाचा मुलगा फोनवर, आणि हा नवीन. ज्याच्या हातात काही नसतं तो पटकन तोंड वापरतो. माफ करा असं म्हणत नाही, पण रिव्ह्यूत त्याचं नाव घालून तुम्ही त्या सगळ्या दुकानातल्या सगळ्यात कमी अधिकाराच्या माणसाला पकडताय, हे बघा.

आणि अजून एक. हे सगळं काउंटरवरच का एवढं लागतं? पूर्वी दुकानात सगळीकडेच असंच होतं, आपण यादी सांगायची आणि माणूस आतून काढून द्यायचा. 1916 साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसाने पिगली विगली म्हणून दुकान काढलं, त्यात गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतः रॅकवरून सामान घ्यायचं. ती पद्धत जगभर पसरली, स्वस्त पडते, माणसं कमी लागतात. पण त्यात एक झालं, आधी सामान मागताना, मोजताना, बांधताना जी बोलणी व्हायची ती सगळी गेली आणि अख्ख्या दुकानात माणसाशी गाठ पडते ती फक्त पैसे देताना. तुमच्या काकांच्या दुकानाने हा सगळा प्रवास तुमच्या डोळ्यादेखत केला. आधी काकांनी चूक केली तरी ती काकांची चूक होती, त्यांनी कपाळावर हात मारला असता, तुम्ही हसला असता, विषय संपला. आता तिथे अनोळखी पोरगा आहे. म्हणून मला वाटतं तुम्हाला राग आलाय त्यापेक्षा जास्त वाईट वाटलंय, की 11 वर्षांनंतर मी इथे "मॅडम, लाइन थांबवताय"? आणि ते वाईट वाटणं खरं आहे. पण एक स्टार त्याला पुरणार नाही, रात्री पोस्ट कराल, सकाळी अजूनच वाईट वाटेल.

जुन्या गिऱ्हाइकाला चांगली वागणूक मिळावी असं तुम्ही लिहिलंय, तिथे जरा अडखळले. नवीन गिऱ्हाइकालाही बरोबर बिल मिळालंच पाहिजे ना. 11 वर्षांचा उपयोग सूट मागायला नाही, बोलायला होतो. तुम्ही काकांना बाजूला घेऊन दोन शब्द सांगू शकता, जे काल आलेला माणूस सांगू शकत नाही, तो नुसता परत येत नाही. दुकान बदलणारे बहुतेक लोक कारण सांगतच नाहीत, मालक मग कमी झालेलं गिऱ्हाईक समोर नवीन दुकान झालं म्हणून गेलं असं समजतो.

म्हणून माझं म्हणणं, आधी जा आणि बोला. संध्याकाळच्या गर्दीत नको, महिन्याच्या सुरुवातीला तर अजिबात नको. सकाळी उशिरा किंवा दुपारी, जेव्हा काका किंवा मुलगा मोकळे असतील. साबण पावडरचं बिल असेल तर घेऊन जा. (बिलाचा कागद बहुतेक थर्मल असतो, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापला जाणारा, ऊन-उष्णतेने त्यावरचं वाचेनासं होतं, त्यामुळे ज्या बिलाबद्दल शंका आहे त्याचा त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, हे सगळ्यांनाच सांगतेय.) आणि भाषण करू नका. तीन महिन्यांची यादी वाचून दाखवली की समोरचा ऐकणं बंद करून उत्तरं शोधायला लागतो. साधारण असं काहीतरी, तुमच्या शब्दांत:

"काका, तीन गोष्टी झाल्या, तुम्हाला माहीत नसतील म्हणून सांगते. ऑफरचं लेबल रॅकवर होतं पण बिलात लागली नाही, कॉम्प्युटरमध्ये एकदा बघा, बाकीच्यांनाही लागत असेल. बिस्किटांत एक पुडा तारीख गेलेला निघाला, मागे अजून असतील. आणि साबण पावडर दोनदा लागली, ते सांगितलं तर काउंटरवर मला सगळ्यांसमोर बोलणं बसलं, ते मला खूप लागलं."

शेवटचं वाक्य गिळू नका. बायका नेमकं तेच गिळतात, पैशाचं बोलून येतात आणि लागलं ते तसंच ठेवतात. आणि त्या पोराला काढून टाका वगैरे मागू नका, त्याला समजवा एवढंच. साबण पावडरचे पैसे मात्र परत मागा, रक्कम छोटी असली तरी, नाहीतर तुमचं बोलणं नुसतं गाऱ्हाणं होतं.

पुढे असं परत काउंटरवर झालं तर त्या क्षणाला काय बोलायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं, कारण त्या वेळी सुचत नाही आणि घरी आंघोळ करताना झकास उत्तरं सुचतात. "छोटी रक्कम आहे म्हणजे पटकन होईल, दुरुस्त करून द्या, मी बाजूला थांबते." बस. यात भांडण नाही, लाइनही थांबत नाही, आणि मागचा हसणारा गप्प बसतो कारण उद्या त्याचंही बिल आहे.

तसंच बिल बघायचं ते काउंटर सोडायच्या आधी. पूर्ण वाचायला कोणालाच वेळ नसतो, पण वस्तूंची संख्या, ऑफर लागली का, आणि सुट्टं घेतलं असेल तर वजन, एवढं अर्ध्या मिनिटात होतं. सुट्टं मोजताना काटा रिकामा असताना शून्यावर आहे ना, आणि डब्यात किंवा जाड पिशवीत मोजत असतील तर तिचं वजन वजा झालंय ना, हे बघायला लाजू नका. चांगला दुकानदार काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडेच ठेवतो.

बरं, आता समजा बोललात आणि काही झालं नाही. काकांनी हो हो केलं, मुलगा म्हणाला बघतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी तेच लेबल तिथेच. तेव्हा रिव्ह्यू लिहा. मी रिव्ह्यूच्या विरोधात नाहीये, बहिणीचं म्हणणं बरोबर आहे की बाकीच्यांना कळायला पाहिजे. पण बाकीच्यांना तुमच्या ड्राफ्टमधून काय कळणार? की कोणीतरी एकदा खूप चिडलं होतं. असले रिव्ह्यू मी स्वतः वाचून पुढे जाते. "चोर आहेत, लुटतात" हा आरोप झाला, त्यामागचा हेतू तुम्हाला सिद्ध करता येणार नाही, आणि उद्या कोणी बदनामी म्हणून उलटलं तर डोक्याला ताप तुमच्या. त्याऐवजी "अमुक महिन्यात ऑफरचं लेबल असूनही बिलात पूर्ण किंमत लागली, मालकांना सांगितलं, तीन आठवड्यांनी परत तेच" असं लिहिलं की वाचणारा पुढच्या वेळी बिल तपासेल, आणि दुकानदाराला नेमकं काय दुरुस्त करायचं ते कळेल. जे घडलं ते, कधी घडलं ते, सांगितल्यावर काय झालं ते. चांगलं काय आहे तेही एका ओळीत लिहा, 11 वर्षं तुम्ही उगाच गेला नाहीत. आणि नंतर सुधारलं तर रिव्ह्यू बदला, हे लोक विसरतात, पाच वर्षांपूर्वीचा राग तिथे तसाच लटकत असतो.

नवऱ्याचा मार्गही वाईट नाही हं. बोलून झालं, वाट बघून झाली, तरी पिशवी उचलताना पोटात गोळा येत असेल तर दुकान बदला, त्यात कसली बेइमानी. काकांशी ओळख ठेवायला त्यांच्याकडूनच सामान घ्यायला पाहिजे असं कुठे आहे, रस्त्यात भेटले की बोला. फक्त न सांगता बदलू नका, कारण मग तो लांबचा रस्ता तुम्हाला कायमचा चालावा लागेल आणि पावसाळ्यात ते फार त्रासाचं आहे.

या आठवड्यात एकदा दुपारी जाऊन या. ड्राफ्ट एवढ्यात डिलीट करू नका, काय होतंय ते बघू. त्यातलं त्या पोराचं नाव मात्र आजच खोडून टाका.